जुन्या मशीनला नवं कुलूप

प्रश्न : सर, मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब) करायचा प्रोग्राम 2002 साली करून घेतला होता. पेंटियम थ्री मशीन, त्यावर रेड हॅट 7.3 लिनक्स. 2019 च्या महापुरात माळ्यावर चढवलं म्हणून वाचलं. प्रोग्राम लिहिणारा मुलगा पुण्याला गेला, सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) कुणाकडे नाही. आता सीए म्हणतात, रोजच्या पट्ट्या आमच्या सर्व्हरवर चढवा. पण तो सर्व्हर आमची जोडणीच घेत नाही. पुतण्यानं ओपनएसएसएल 1.1.1 (जोडणीला कुलूप लावणारी लायब्ररी) कॉम्पाइल करायला, म्हणजे सोर्सवरून बांधायला घेतलं, तर बांधणीला लागणारी पर्ल ही स्क्रिप्टची भाषा जुनी आहे म्हणून सुरुवातीलाच अडलं. काय करावं?
— एक अडत्या, सांगली

उत्तर : आधी पुतण्याला शाबासकी द्या. रोगाचं निदान त्यानं बरोबर केलंय. तुमच्या मशीनवरचं ओपनएसएसएल 0.9.6 चं. टीएलएस म्हणजे जोडणी कुलूपबंद करायचा नियम. त्याची धाव टीएलएस 1.0 पर्यंत, म्हणजे 1999 च्या नियमापर्यंत. हा नियम मार्च 2021 मध्ये रीतसर मोडीत निघाला. सर्व्हरला आता निदान 1.2 लागतं. सेटिंग बदलून हे होणार नाही, नवा कोडच आणावा लागेल.

पण त्याआधी घड्याळ बघा. विश्रामबागेतल्या एका दुकानाचं असंच मशीन माझ्याकडे आलं होतं. दोन संध्याकाळी मी मेकशी, म्हणजे सोर्सवरून प्रोग्राम बांधणाऱ्या आज्ञेशी भांडलो. ते सारखं म्हणायचं, ही फाइल भविष्यातली आहे. म्हणायचंच, कारण बोर्डावरचा सेल संपून मशीन 2002 सालात जाऊन बसलं होतं! तारीख चुकली तर सर्व्हरचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेटही 'अजून सुरूच झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं. 2032 नंबरचा सेल घाला, तारीख लावा, मग पुढचं.

ओपनएसएसएलचा सोर्स त्या मशीनवरून उतरवायला जाल तर तिथंही तीच जोडणी आडवी येते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, शा-256 ची बेरीज (फाइल अस्सल आणि धड आली का ते सांगणारा आकडा) तिथंच ताडून बघा (जुन्या मशीनवर ती आज्ञाच नाही) आणि सीडीवर न्या. दाबून बांधलेल्या फाइलींपैकी जीझेड घ्या, एक्सझेड तिथं उघडणार नाही.

आता पर्ल. ओपनएसएसएल 1.1.1 ला पर्ल 5.10 लागतं, तुमच्याकडे 5.6.1 आहे. सिस्टिमचं पर्ल काढून नवं बसवू नका, बाकीच्या कितीतरी स्क्रिप्टा त्याच्यावर उभ्या आहेत. नवं पर्ल ऑप्ट नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये वेगळं बांधता येतं. पण मग तुमचा कॉम्पाइलर, जीसीसी 2.96, पुढे येतो. जीसीसीवाल्यांनी हा नंबर कधी काढलाच नव्हता, रेड हॅटनं अर्धं शिजलेलं पातेलं चुलीवरून उतरवून वाढलं. त्याच्याशी झुंजण्यापेक्षा मी तुमच्या जागी ओपनएसएसएलची डिसेंबर 2019 ची आवृत्ती, 1.0.2यू, घेईन. ती जुन्या पर्लवर भागवते आणि टीएलएस 1.2 बोलते. कॉन्फिग करताना नो-एएसएम द्या, म्हणजे वेगासाठीचा असेंब्ली कोड वगळला जाईल, कारण तो बांधणारा असेंब्लरही त्याच वयाचा आहे. वेग कमी होईल, पण पट्ट्यांची फाइल ती केवढी! बांधलेलं तपासणारी मेक टेस्ट मात्र चुकवू नका, मशीनला लावून जेवून या.

बांधलेलं सगळं ऑप्टमध्येच ठेवा. हरिपूरला भरलेल्या पेवात (हळदीच्या जमिनीखालच्या कोठारात) कुणी नवी हळद ओतत नसे, वेगळं पेव उघडत, तसंच हे. सिस्टिमच्या लायब्ररीवर नवी कॉपी केलीत तर लांबून मशीनमध्ये शिरायचं एसएसएच 'व्हर्जन मिसमॅच' म्हणत उठायचंच नाकारतं. मी हे केलेलं आहे, आणि मशीन गिऱ्हाइकाच्या दुकानात होतं. रात्री साडेदहाला बायकोला फोन करून जेवायला थांबू नको म्हणालो.

नव्या लायब्ररीवर 2019 च्याच सुमाराचं कर्ल (फाइल सर्व्हरवर चढवणारी आज्ञा) बांधा आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या यादीतली ताजी मूळ सर्टिफिकेटं द्या, त्यांच्यावरूनच सर्व्हरची ओळख पटते. जुन्या यादीतल्या डीएसटी रूट एक्स3 या मूळ सर्टिफिकेटाची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपली, त्या दिवशी जगभरची जुनी मशीनं एकदम रुसली होती. एवढं केलंत तरी तुमचा पट्टीचा प्रोग्राम जुनाच राहणार. त्यानं फाइल काढायची आणि ती कर्लनं चढवायची, एवढीच वाटणी.

आता खरं सांगू? 1.0.2 च्या फुकटच्या दुरुस्त्या 2019 अखेर बंद झाल्या. 1.1.1 च्याही सप्टेंबर 2023 मध्ये. खाली लिनक्सचा गाभा, कर्नेल, 2.4 चं जुनं आहे ते वेगळंच. असं मशीन मी इंटरनेटला लावणार नाही. शेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवा, दोघांत एक वायर. पट्टीची फाइल पायनं उचलायची आणि पुढं पाठवायची. जुन्याला बाहेरचं दारच नको. पुतण्याला कॉम्पाइल करायचंच असेल तर करू दे, हात बसेल. दिवाळीनंतर करा म्हणावं, हंगामात नको.

प्रश्न : विंडोज एक्सपीवर बँकेची साइट उघडत नाही. ओपनएसएसएल टाकून उघडेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजचंच कुलूप वापरतो, आणि एक्सपीचं ते टीएलएस 1.0 वर थांबलंय. एक्सपीच्या दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 ला संपल्या. बँकेचं काम त्यावर करूच नका, पासबुक घेऊन शाखेत जा.