नऊ लाखांचा करार आणि कादंबरीचे सत्तर दिवस

प्रश्न: मी ३० वर्षांची आहे. पुण्यात कर्वेनगरला आईबरोबर भाड्याच्या घरात राहते. सहा वर्षांपासून मराठीतून फॅशन आणि मेकअपवर ब्लॉग लिहिते, रील्स करते आणि महिन्याला लाखाच्या पुढे कमावते. मला खरं तर लेखिका व्हायचंय. मनमाडच्या एका ब्युटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या बायकांवरची कादंबरी सुरू केली आहे. चाळीसेक पानांवर ती अडली आहे. माझ्याकडे ८.५ लाख साठलेत. घरखर्च ४२,००० आणि कॅमेरा-फोनचा हप्ता ६,४००, म्हणजे साडेसतरा महिने निघतील. सगळं बंद करून लिहायला बसू का? की एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने देऊ केलेला वर्षाचा ९ लाखांचा करार घेऊन आधी पैसे जमवू? शिवाय एक प्रकाशक १.४ लाखांत ५०० प्रती छापून देतो म्हणतोय.

उत्तर: तुम्ही आकडे लपवले नाहीत आणि कराराचा मसुदाही पाठवलात, त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय. करारावर आहे तशी सही करू नका. कामही पूर्ण बंद करू नका. आणि त्या प्रकाशकाला एक रुपयाही देऊ नका. कादंबरी मात्र याच वर्षी लिहायला घ्या. त्यासाठी तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत, फक्त ते तुम्हाला वाटतंय त्या जागी नाहीत.

आधी ‘लाखाच्या पुढे’ तपासू. गेल्या आर्थिक वर्षात तुमची बिलं झाली ११.४ लाखांची. त्यात ब्रँडची कामं ९.६ लाख, जाहिराती आणि ॲफिलिएटचे (तुमच्या लिंकवरून झालेल्या विक्रीच्या कमिशनचे) १.८ लाख. लाखाच्या पुढचा आकडा येतो तो बार्टरमध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात पैशांऐवजी, आलेल्या साड्या, सीरम, लिपस्टिक आणि दागिन्यांचे २.६ लाख मिळवल्यावर. त्या वस्तूंनी घरभाडं भरता येत नाही. एडिटर, प्रवास, कपडे, प्रॉप्स यांवर ३.३६ लाख गेले. म्हणजे हातात राहिले ८.०४ लाख, महिन्याला ६७,०००. कमाई चांगलीच आहे, पण निर्णय या आकड्यावर घ्यायचा.

बार्टरच्या वस्तू घर चालवत नसल्या तरी आयकर खात्याच्या लेखी त्या उत्पन्नच आहेत. १ जुलै २०२२ पासून एका देणाऱ्याकडून वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर वस्तू किंवा सवलती मिळाल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कर कापून भरण्याचा, नियम आहे. वापरून परत केलेली वस्तू यात येत नाही, ठेवून घेतलेली येते. ही मर्यादा फक्त टीडीएस कापण्यापुरती आहे. त्याखालची वस्तूही रिटर्नमध्ये दाखवायचीच. म्हणून कुठल्या ब्रँडकडून काय आलं, किंमत किती, परत केलं की ठेवलं, याची एक वही आजपासून ठेवा.

आता बिलांचं महत्त्व बघा. ११.४ आणि २.६ मिळून १४ लाख, वजा ३.३६ लाख खर्च, उरतात १०.६४ लाख. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमच्याकडे खर्चाची बिलं असतील तर कर काहीच नाही. बिलं नसतील आणि पूर्ण १४ लाख उत्पन्न धरलं गेलं, तर सेससकट ९३,६०० रुपये. तुम्ही लिहिता की एडिटरला यूपीआयने पैसे देता आणि पावती घेत नाही. ती घ्यायला लागा. दुसरं म्हणजे, तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदींच्या उताऱ्यात, ७४,००० रुपये टीडीएस कापलेला दिसतोय. कर शून्य ठरला आणि रिटर्न मुदतीत भरलंत तर हे पैसे परत मिळतात. तुम्ही ते हिशोबात धरलेलेच नाहीत. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या फॉर्मपासून समाजमाध्यमांवर काम करणाऱ्या प्रभावकांसाठी १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक आहे. तो आणि अनुमानित उत्पन्नाची योजना (जिच्यात उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरतात) तुमच्या कामाला कशी लागू होते, हे एखाद्या सीएबरोबर तासभर बसून ठरवा.

आता करार. मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटली.

९ लाख रुपये, वर्षभर महिन्याला चार व्हिडिओ, आणि त्या काळात दुसऱ्या कुठल्याही सौंदर्यप्रसाधन कंपनीचं काम नाही. तुमचं रेट कार्ड एका व्हिडिओला २६,००० सांगतं. गेल्या वर्षी अशा २० व्हिडिओंचे ५.२ लाख आले. करार घेतलात की हे ५.२ लाख बंद. म्हणजे खरी वाढ ९ लाखांची नाही, ३.८ लाखांची आहे. त्या बदल्यात २० ऐवजी ४८ व्हिडिओ करायचे. जादाच्या २८ व्हिडिओंना दर पडतो साडेतेरा हजारांच्या आसपास, तुमच्या नेहमीच्या दराच्या जेमतेम निम्मा. स्क्रिप्ट, शूट, एडिट आणि ब्रँडचं अप्रूव्हल धरून एका व्हिडिओला अडीच दिवस लागतात, असं तुम्हीच लिहिलंय. २८ गुणिले अडीच म्हणजे सत्तर दिवस. कादंबरीला जो वेळ हवा आहे, तोच तुम्ही निम्म्या दराने विकायला निघाला आहात. ‘आधी पैसे जमवू, मग लिहू’ यातलं ‘मग’ या करारातून निघत नाही.

पैशांपलीकडची तीन कलमं पुन्हा वाचा. पहिलं, तुमचा चेहरा, आवाज आणि व्हिडिओ ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ वापरण्याचा हक्क. कॉपीराइट कायद्यात हक्क-हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण इथे मुदत स्पष्ट लिहिली आहे, त्यामुळे कायद्याचं हे संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. दुसरं, करारकाळात तुमच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ‘सौंदर्यविषयक सर्व मजकुराचे’ हक्क कंपनीकडे. पार्लरमधल्या बायकांवर लिहिणाऱ्या माणसाने या ओळीखाली सही करायची म्हणजे कादंबरीचं एखादं प्रकरण मासिकात आलं तरी वाद होऊ शकतो. कंपनी असा वाद घालेलच असं नाही. पण ज्याला लिहायचंय त्याने ही ओळ कागदावर राहू देऊ नये. तिसरं, जाहिरातीतल्या दाव्यावरून दंड झाला तर तो तुम्ही भरायचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सीरमने त्वचा उजळते की नाही हे तुम्ही प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. ते कंपनीने सिद्ध करायचं आणि त्याची जबाबदारीही तिनेच घ्यायची. ९ लाखांसाठी १० लाखांची जोखीम अंगावर घेऊ नका.

कंपनीला तुम्ही खरोखरच हव्या असाल तर उलट प्रस्ताव द्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर १६ व्हिडिओ, तुमच्याच दराने, म्हणजे ४.१६ लाख. वापराचे हक्क एक वर्ष आणि फक्त डिजिटल माध्यमांत. दुसऱ्या ब्रँडची बंदी त्या चार महिन्यांपुरती. निम्मे पैसे आगाऊ, दाव्यांची जबाबदारी कंपनीची, मजकुराचं कलम काढून टाकायचं. जीएसटी लागू झाला तर तो वेगळा, हेही लिहून घ्या. आज वस्तूंसकट तुमची उलाढाल १४ लाख आहे. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे आणि तुम्ही तिच्यापासून फार लांब नाही. ‘नाही’ म्हणाले तर म्हणू द्या.

सगळं बंद करण्याचा बेत मला मनापासून समजतो. सकाळी उठून स्वतःच्या चेहऱ्याकडे आज तरी बघावं लागू नये, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. तो थकवा मी कमी लेखत नाही. पण साडेसतरा महिन्यांचा हिशोब अपुरा आहे. तुमच्या ८.५ लाखांतले सहा महिन्यांच्या खर्चाचे २.९ लाख अडीअडचणीला बाजूला राहायलाच हवेत, कारण घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. उरले ५.६ लाख. आईचं वय ५८, रक्तदाबाचं औषध चालू, आणि दोघींचाही आरोग्यविमा नाही. हे मी चालू देणार नाही. दोघींच्या स्वतंत्र पॉलिसी आणि तुमचा ५० लाखांचा टर्म विमा, यासाठी वर्षाला ४५,००० धरा. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नाही. आईच्या रक्तदाबासारख्या आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लागू शकते, म्हणून ही पॉलिसी पुढच्या महिन्यावर ढकलायची नाही. हे धरलं तर ५.६ लाख पुरतात जेमतेम पावणेअकरा महिने. शिवाय ब्रँडचे पैसे काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यातच पुन्हा कामं शोधावी लागतील, आणि तोवर प्रेक्षक पांगलेले असतील. प्लॅटफॉर्म तर आपल्या हातात नसतोच. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांचा सगळा प्रेक्षक तिथे होता त्यांना एका रात्रीत शून्यापासून सुरुवात करावी लागली. तुमचा ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर आहे, तो जिवंत ठेवा.

मी सुचवतो तो रस्ता तुमच्याच आकड्यांतून निघतो. ब्रँडच्या ९.६ लाखांपैकी ४.९ लाख ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात, गणपतीपासून दिवाळीपर्यंत. फेब्रुवारी ते मे या लग्नसराईत २.७ लाख. उरलेल्या चार महिन्यांत, म्हणजे डिसेंबर, जानेवारी, जून आणि जुलैत, मिळून फक्त २ लाख. त्या २ लाखांसाठी तुम्ही तेवढ्याच दगदगीत जगता. ते सोडा. सणांचा हंगाम पूर्ण करा, लग्नसराईतली निम्मी कामं घ्या. ४.९ आणि सुमारे १.३, झाले ६.२ लाख. जाहिराती आणि ॲफिलिएटचे १.८ चे १ लाखावर येतील असं धरू. एकूण ७.२ लाख. कामाचा खर्च निम्म्यावर, १.७ लाख. उरले ५.५ लाख. घरखर्च ५.०४ आणि विमा ०.४५, मिळून ५.४९ लाख. काठावर का होईना, बसतं.

यात हप्ता मोजला नाही, कारण तो फेडून टाकायचा आहे. १४ हप्ते राहिलेत, म्हणजे शिल्लक मुद्दल ९० हजारांच्या आतच असणार. परताव्याचे ७४,००० येतील तेव्हा येतील. आत्ता बचतीतून ते कर्ज संपवा, मुदतपूर्व फेडीचा आकार किती ते आधी विचारून घ्या. वर्षाला ७६,८०० मोकळे होतात. म्युच्युअल फंडातल्या २.१ लाखांना हात लावू नका. डिसेंबर ते जुलै हे आठ महिने बहुतेक तुमचे, आणि बचत जवळपास जागच्या जागी.

पुस्तकाच्या पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. मराठीत कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची किंवा त्याहून लहान असते. किंमत ३५० आणि मानधन १० टक्के धरलं तर प्रतीमागे ३५ रुपये. हजार प्रती संपल्या तर ३५,००० रुपये, तेही आवृत्ती संपेल तसे. तुमच्या दीड व्हिडिओचेही पैसे नाहीत. म्हणून या पुस्तकाकडून घर चालवण्याची अपेक्षा ठेवू नका, आणि ते घर चालवत नाही म्हणून त्याला छंदही म्हणू नका. तुम्हाला ते लिहायचंय आणि तुम्ही त्यासाठी कमावलेलं आहे, हे कारण माझ्यासाठी पुरेसं आहे.

पैसे घेऊन छापणाऱ्या त्या प्रकाशकाचा हिशोब वेगळा आहे. १.४ लाखांत ५०० प्रती म्हणजे प्रतीला २८० रुपये. ३५० च्या पुस्तकावर दुकानदार-वितरकाला ४० टक्के सूट धरली तर हातात येतात २१०. म्हणजे सगळ्या प्रती दुकानांतून विकल्या गेल्या तरी ३५,००० चा तोटा. जो प्रकाशक हस्तलिखित न वाचता दर सांगतो, त्याचा धंदा तुमच्या पैशांवर होतो, वाचकाच्या नाही. तुमचं पहिलंच पुस्तक आहे, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. आणि नेहमीचा प्रकाशक मिळाला की छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, प्रत्येकाला मुदत घाला.

दिवाळी अंकांचा एक फायदा तुमच्या वेळापत्रकात आपोआप बसतो. त्यांचा मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत जातो, आणि तुमचा शूटिंगचा हंगाम तिथूनच सुरू होतो. चाळीस पानांतला एखादा तुकडा स्वतंत्र कथा म्हणून उभा राहत असेल तर यंदाच पाठवा. मानधन थोडं असतं, पण संपादकाची नजर मिळते, आणि अडलेल्या पानांना सध्या तिचीच गरज आहे.

या आठवड्यात विम्याचे अर्ज भरा आणि कंपनीला उलट प्रस्तावाची मेल पाठवा. ऑगस्ट ते नोव्हेंबरची बिलं ४ लाखांच्या खाली आली तर फेब्रुवारीपासून लग्नसराईतली निम्म्याऐवजी सगळी कामं घ्या, लेखन डिसेंबर, जानेवारी, जून आणि जुलैत ठेवा आणि मला नवे आकडे कळवा. ४ लाखांच्या वर गेली तर ठरल्याप्रमाणे डिसेंबरच्या पहिल्या तारखेला एडिटरला सुट्टी सांगा. त्याला मात्र ही गोष्ट आत्ताच, चार महिने आधी सांगून ठेवा. त्याचंही घर त्या १८,००० वर चालतं.