समद्विभुज समलंब चौकोनाच्या फक्त बाजू दिल्या असतील तर उंची आणि कर्ण कसा काढायचा? त्याचं परिवर्तुळ, म्हणजे चारही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ, नेहमी काढता येतं का?

एक उदाहरण घेऊनच सांगतो: समांतर बाजू २१ आणि ९ सेमी, तिरप्या बाजू प्रत्येकी १० सेमी.

समांतर बाजूंच्या मध्यबिंदूंतून जाणारी रेषा हा या आकृतीचा सममिती अक्ष. बाकी सगळं त्यातूनच निघतं, म्हणून मी सूत्र पाठ करायला सांगणार नाही. लहान बाजूच्या दोन्ही टोकांपासून पायावर, म्हणजे मोठ्या समांतर बाजूवर, लंब टाका. मधे आयत उरतो आणि दोन्ही कडांना एकरूप काटकोन त्रिकोण. त्यांचा पाया (२१ − ९) ÷ २ = ६, कर्ण १०, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने उंची √(१०० − ३६) = ८. चूक बहुतेक वेळा इथेच होते: १२ चं निम्मं करायचं राहतं आणि वर्गमुळाखाली १०० − १४४ येतं. मात्र निम्मं करूनही ऋण संख्या आली, तर तसा चौकोनच अस्तित्वात नाही.

चौकोनाचा कर्ण काढताना आडवं अंतर २१ − ६ = १५, उभं ८, म्हणून कर्ण १७. हे १५ म्हणजे समांतर बाजूंची सरासरीच, त्यामुळे क्षेत्रफळ लगेच १५ × ८ = १२० चौसेमी. ताळा टॉलेमीच्या प्रमेयाने घ्या (परिवर्तुळ असलेल्या चौकोनात समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज = कर्णांचा गुणाकार): २१ × ९ + १० × १० = २८९ = १७².

दोन्ही कर्ण समान का? पाया, एक तिरपी बाजू आणि एक कर्ण यांचे दोन त्रिकोण पाहा: पाया सामाईक, तिरप्या बाजू समान, पायालगतचे कोन समान. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागते. 'एक जोडी समांतर, दुसरी समान' एवढीच व्याख्या धरलीत तर समांतरभुज चौकोनही आत शिरतो, आणि त्याचे कर्ण सहसा असमान असतात. म्हणून 'समांतर बाजूंची एकच जोडी' ही अट सोडू नका.

परिवर्तुळ नेहमी असतं, कारण संमुख कोनांची बेरीज १८०° होते. त्याचं केंद्र सममिती अक्षावर असतं, पण चौकोनाच्या आतच असेल असं नाही. इथे पाया, कर्ण आणि तिरपी बाजू यांचा २१, १७, १० हा त्रिकोण घ्या; त्याचंही परिवर्तुळ तेच. ४४१ > २८९ + १००, म्हणजे तो विशालकोन, आणि केंद्र पायाच्या खाली जातं. त्रिज्या = बाजूंचा गुणाकार ÷ (४ × त्रिकोणाचं क्षेत्रफळ) = (२१ × १७ × १०) ÷ (४ × ८४) = १०.६२५ सेमी, पायापासून केंद्राचं अंतर १.६२५ सेमी. कंपासने काढताना कागदावर पायाखाली जागा सोडा.

अंतर्वर्तुळ, म्हणजे चारही बाजूंना आतून स्पर्श करणारं वर्तुळ, मात्र या चौकोनात बसणार नाही. त्यासाठी २१ + ९ ही बेरीज १० + १० एवढी हवी होती. पतंगाकृती चौकोनाचं नेमकं उलट: अंतर्वर्तुळ हमखास, परिवर्तुळ क्वचित.