थ्रेडिंगने केस वाढतात का?

प्रश्न: मी तासगावची, वय 22. दोन वर्षांपासून हनुवटीवर जाड केस येतात. पाळीही दोन-दोन महिने चुकते. आई म्हणते, थ्रेडिंगमुळेच वाढले. खरं का?

उत्तर: नाही गं. केसाचं मूळ कातडीखाली असतं. धाग्याने किंवा रेझरने ते वाढत नाही. कापलेलं टोक बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. मिरजेच्या माझ्या दवाखान्यात तुझ्यासारख्या मुली हनुवटीवर ओढणी धरून बसतात. बघून जीव तुटतो. यात तुमचा काहीच दोष नाही.

खरं कारण अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं (हार्मोन्स). ही संप्रेरकं बायकांच्याही अंगात, बीजांडकोशात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतात. ती वाढली, किंवा केसाची मुळं त्यांना जास्त दाद देऊ लागली, की मऊ लव राठ होते. त्यांच्यामुळेच डोक्यावरचे केस मात्र विरळ होऊ शकतात. पाळी चुकते म्हणजे पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून बीजांडकोशाचं काम विस्कळीत होण्याचा त्रास, असू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव, टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर तपासून घे. त्यांनी गोळ्या दिल्या, तर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, मध्येच सोडू नकोस. तोवर थ्रेडिंग खुशाल कर. केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर मात्र लगेच ये. येताना आईलाही आण.