आधी गोठणगावला जाऊन ये

प्रश्न : ताई, मी नागपुरात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) शेवटच्या वर्षाला आहे. निर्वासितांसाठी काम करायचं पक्कं ठरवलंय. त्यासाठी परदेशात आणखी एक मास्टर्स करावंच लागतं का? घरचे कर्ज काढायला तयार नाहीत.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, घरच्यांचं मला पटतं. 2018 मध्ये मी बांगलादेशात कुतुपालाँगच्या रोहिंग्या छावणीत गेले, तेव्हा गाठीशी एमएसडब्ल्यू आणि चार वर्षं गावच्या नळयोजनांवर केलेलं काम होतं. पहिल्या दिवशी साहेबांनी एवढंच विचारलं, "संडास आणि हातपंपात किती अंतर ठेवशील?" तीस मीटर म्हटलं आणि कामाला लागले. ऑगस्ट 2017 पासून थोड्याच महिन्यांत म्यानमारमधून पळून सात लाखांवर रोहिंग्या त्या टेकड्यांवर आले होते. घाईघाईत खणलेले संडास पंपांना अगदी खेटून.

माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, 250 जणांमागे एक नळ, हे मदतकार्याचे किमान निकष मला तोंडपाठ होते. पण दिवसाउजेडी संडासला जायची लाज वाटते म्हणून बायका पाणीच कमी पितात, हे समजायला तीन आठवडे गेले. तेही चितगावची सहकारी सोबत होती म्हणून. तिची बोली रोहिंग्यांच्या भाषेला जवळची. माझ्या मोडक्या बंगालीला तिथे कोण विचारतं!

तेव्हा आधी एक कसब हाती घे : पाणी, हिशेब, कायदा, एखादी भाषा, काहीही.

आणि थंडीत नागपुरात ज्या तिबेटी बायकांकडून तू स्वेटर घेतेस, त्या कुठून येतात, कधी विचारलंस? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. रीतसर परवानगी काढून लघुप्रबंध तिथेच कर. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिबेट्यांची नोंदणी सरकार करतं, तर अफगाणिस्तान आणि म्यानमारहून आलेल्यांची नोंद यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं दिल्लीतलं कार्यालय ठेवतं. या दोन नोंदींच्या वेगवेगळ्या कागदांमुळे नोकरी, शाळा, प्रवास यांत काय फरक पडतो, ते माणसांकडून ऐक.

मग दोनेक वर्षं एखाद्या संस्थेत काम कर, संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत अर्ज टाक. मास्टर्स नंतर, तेही शिष्यवृत्ती मिळाली तर. घरच्यांना एक मात्र आधीच सांगून ठेव : या कामातली कंत्राटं सहा महिन्यांची, वर्षाची असतात. दोन कंत्राटांच्या मध्ये मी एकदा सात महिने आईकडे बसून होते.