समोरचा संघ आमच्यापेक्षा उंच आणि वेगवान आहे, मग सराव करून काय उपयोग?

कॉलेजमधले खेळाडू समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. मुलींच्या बास्केटबॉल संघाची एक कर्णधारही तोच घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, वॉर्म-अपलाच आम्ही हरतो. रिंगजवळ खेळणारी त्यांची सेंटर आमच्या सगळ्यात उंच मुलीपेक्षा वीतभर उंच आहे. आमची उंची आता वाढणार थोडीच आहे?"

आदल्या रात्री झोप नाही, मॅचच्या वेळी घसा कोरडा, तळव्यांना घाम. तिला 'आत्मविश्वास ठेव' एवढंच सांगणं मला पटेना, कारण ती खरं बोलत होती. रिंग सगळ्यांसाठी ३.०५ मीटरवरच असते आणि उंच मुलीला ती जवळ पडते. हे मान्य करूनच आम्ही कामाला लागलो.

हरलेल्या मॅचचं मोबाइलवरचं शूटिंग एकत्र पाहिलं. स्कोअर बघायचा नाही. तुझ्या हातून बॉल गेला की थांबवायचं आणि त्याआधी तू काय करत होतीस ते सांगायचं, एवढंच मी तिला म्हटलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी बघतच नाहीये, नुसता फेकून मोकळी होतेय."

बॉल ताब्यात आला की शॉट घ्यायला संघाला २४ सेकंद असतात. समोरची मुलगी अंगावर आली की ही पाच-सहा सेकंदांतच बॉल सोडून द्यायची. तो पास अडवला जायचा आणि धावण्यात तरबेज असलेल्या त्या संघाला मोकळं रान मिळायचं. उंचीचा फरक होताच, पण मॅच जास्त निसटत होती ती या घाईमुळे, आणि घाई होत होती भीतीपोटी.

तिला मी १९९६ची एक मॅच सांगितली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने कॉलेज स्पर्धेतल्या आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ४३-४१ असं हरवलं. खेळ संथ ठेवायचा, धीराने पास द्यायचे, बचाव करणारा पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे शिरायचं. निर्णायक बास्केटही असाच झाला.

मग तिच्या सरांशी बोलले. त्यांनी सरावात मुलांच्या संघाला मुलींवर प्रेस करायला, म्हणजे बॉल असलेल्या मुलीच्या अंगावर जाऊन दबाव टाकायला सांगितलं. भीती नुसत्या बोलण्याने जात नाही. ती जिथे येते तिथेच, हरण्याचं ओझं नसताना, तिला पुन्हा पुन्हा सामोरं जावं लागतं. बॉल हातात आला की आधी श्वास सोडायचा, मान वर करायची, मगच पास, हे तिने तिथे अंगवळणी पाडलं.

पुढच्या वेळी त्या हरल्याच, पण शेवटच्या क्वार्टरपर्यंत टक्कर दिली. आदल्या रात्री ती झोपली होती, हे मला जास्त मोलाचं वाटतं. मॅच नसतानाही झोप किंवा भूक उडत असेल, तर मात्र समुपदेशकाला लवकर भेटावं.

फ्री थ्रोच्या (फाऊलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा शॉटच्या) रेषेवर तिचे खांदे अजून आखडतात. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.