‘एक दिवस चुकला की सगळंच सुटतं’

सोलापुरात समुपदेशन करताना एक तक्रार मी इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली आहे की, ती आता दार उघडतानाच ओळखू येते. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी म्हणतो, अभ्यासाचे वेळापत्रक चार दिवसांपलीकडे जात नाही. गृहिणी म्हणते, प्राणायाम आठवडाभर होतो आणि पाहुणे आले की थांबतो. “मॅडम, माझं काहीच टिकत नाही,” हे पहिले वाक्य, आणि त्यापाठोपाठ ठरलेले दुसरे : “माझ्यात चिकाटीच नाही.” हा लेख त्या दुसऱ्या वाक्याविषयी आहे. सवय मोडते ती बहुधा त्यानेच, अशी माझी ठाम धारणा झाली आहे.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरींच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहण्याचे, काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय अडतीस, रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि डॉक्टरांचा सल्ला रोज चालण्याचा. संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा भरली असताना, त्यांनी सिद्धेश्वर तलावाकाठी चालायला सुरुवात केली होती. महिनाभराने ते थांबले. नंतर पाडव्याला पुन्हा सुरुवात झाली आणि ती त्याहून लवकर संपली.

सुरुवातीच्या भेटींत मी वेळ, बूट, सोबत, उन्हाळा अशा अडचणींविषयी बोलत राहिले. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात हे प्रश्न खोटे नाहीत, परंतु खरी गाठ तिथे नव्हती. ती सापडली एका साध्या प्रश्नात.

“पहिल्या वेळी नेमकं कधी थांबलं?”

“चुलतभावाचं लग्न होतं. दोन दिवस गेले.”

“आणि तिसऱ्या दिवशी?”

“तिसऱ्या दिवशी उठलो होतो की ओ मॅडम. साडेपाचलाच जाग आली. पण म्हटलं, आता काय उपयोग, आणि परत झोपलो.”

तोवर मी त्या दोन दिवसांवर काम करीत होते, आणि चूक तिथेच होती. लग्नाने दोन दिवस घेतले, ते घेणारच होते. माणूस तिसऱ्या दिवशी जागा होता, अंगात ताकद होती, वेळही होता; आडवा आला तो केवळ त्याने स्वतःवर दिलेला निकाल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर आहे, तो अशाच प्रसंगांमुळे. घटना आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये माणसाचे स्वतःशी चाललेले बोलणे उभे असते, आणि हात घालायचा तो तिथे.

मी विचारले, “मागावर उभा धागा तुटला तर काय करता?”

“माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायचं, परत चालू.”

“बीम उतरवत नाही?” बीम म्हणजे सगळे उभे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात तो मोठा रूळ.

“एका धाग्यासाठी बीम कोण उतरवतंय ओ!”

हे सांगताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेतच गाठ मारत होती. मग ती बोटे तशीच थांबली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावे, हे मला बऱ्याच उशिरा कळले आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “म्हणजे मी दर वेळी बीमच उतरवत होतो.”

एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत अशा माणसांचे फार नुकसान करते. तिचे मूळ सहसा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणात दाखवले जाते, आणि ते निरीक्षण रुग्णांना आपला बदललेला चेहरा सवयीचा होण्याविषयी होते. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला. एखादी कृती आपसूक होण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जाऊ शकतो, असा त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून त्यांचा हिशेब निघाला. त्यांचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो : एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही.

म्हणून मी आता आधी चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस ठरवून घेते. त्या दिवशी राहिलेले भरून काढायचे नाही, दुप्पट चालायचे नाही. अगदी वाईट दिवशीही जमेल एवढेच, म्हणजे दहा मिनिटे चालायचे. सवय घड्याळापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. सकाळचा चहा झाला की बूट, असे. एक सावधगिरी मात्र हवी. झोप, भूक आणि आवडत्या गोष्टींतला रसही दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर तो सवयीचा प्रश्न समजू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

त्या गृहस्थांनी दिनदर्शिकेवर चुकलेल्या दिवशी फुली मारणे सोडले आणि पुन्हा चाललेल्या दिवशी गाठीसारखी छोटी खूण करायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी ती पाने घेऊन ते आले, तेव्हा बहुतेक खुणा मंगळवारच्या घरात होत्या. मी काही सुचवण्याआधीच ते म्हणाले, “एकाच जागी धागा सारखा तुटत असेल तर दोष धाग्यात नसतो मॅडम, फणी बघावी लागते. सोमवारी पाळी बदलते आमची.”

सोमवारी आता ते सकाळी उठण्याचा प्रयत्न करीत नाहीत. कारखान्यातून सुटल्यावर रिक्षातून दोन चौक आधी उतरतात आणि तिथून चालत घरी जातात.