घरच्या सीएनसी राउटरला चौकट कशाची?

प्रश्न : चिपळूणला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. सागाच्या दारांवर नक्षी काढायला चार फूट बाय दोन फुटांचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं यंत्र) स्वतःच बांधतोय. भाचा ॲल्युमिनियम प्रोफाइल (खाचा असलेल्या तयार दांड्या) घ्या म्हणतो, फॅब्रिकेटर लोखंडी अँगल सुचवतो, आणि माझ्याकडे 18 मि.मी. प्लाय पडून आहे. कशाची चौकट करू?

उत्तर : प्लाय आधी बाजूला ठेवा. तो मोडेल म्हणून नव्हे. लाकूड कापताना चौकट मोडत नाही, लवते. आणि ती लवली की नक्षीच्या कडेला लाटा उठतात. प्लाय लोखंडाच्या वीस पट तरी लवचीक, शिवाय तुमच्याकडचा पावसाळा. मरीन प्लाय पाण्याने सुटणार नाही, पण दमट हवेत त्याचंही माप थोडं बदलणारच, आणि ज्यांवरून यंत्राचे भाग सरकतात ते रूळ त्याच्याबरोबर हलणार.

अँगलही नको. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) गॅन्ट्रीच्या, म्हणजे कामावरून सरकणाऱ्या आडव्या कमानीच्या, पुढे लटकतो, म्हणून गॅन्ट्रीला पीळ बसतो. पिळापुढे अँगल आणि चॅनेल दोन्ही लुळे. बंद चौकोनी पाइपच हवा. तोही जाड पत्र्याचा घेण्यापेक्षा मोठ्या मापाचा घ्या. 60×60×4 आणि 80×80×3 मि.मी. (शेवटचा आकडा पत्र्याची जाडी) यांचं वजन जवळजवळ सारखं, पण दुसरा पाइप जवळपास दुप्पट ताठ. दुकानदार ‘जाड घ्या, मजबूत’ म्हणेल. म्हणू द्या.

आता भाच्याचं म्हणणं. लोखंड ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ, हे खरं. पण हिशोब करून बघा : गॅन्ट्रीच्या आधारांत 750 मि.मी. अंतर आणि मधोमध 20 किलोचा जोर धरला, तर 80×80×3 चा लोखंडी पाइप साधारण 0.01 मि.मी. लवतो, त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा 0.03. सागावरच्या नक्षीला दोन्ही चालतील. (पुढे चार फुटी गॅन्ट्रीचा मोह झाला तर सांभाळा : अंतर दुप्पट झालं की लवणं आठपट.) म्हणून गॅन्ट्रीला मी भाच्याचंच ऐकेन. प्रोफाइल सरळ येतं, वेल्डिंग लागत नाही, हलणारं वजन कमी राहतं. फक्त हलकं, पातळ भिंतीचं घेऊ नका.

खालचा सांगाडा मात्र लोखंडी, 60×60×3 चालेल. इथे खरा त्रास वेल्डिंगचा. एका बाजूने सलग वेल्ड मारला की पाइप ओढला जातो, आणि वाकड्या पाइपवर बसवलेला रूळ वाकडाच बसतो; मग रुळावर सरकणारे महागडे ब्लॉक अडकतात. आधी सगळीकडे टॅक (पाइप जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके), मग समोरासमोर आलटून पालटून थोडा थोडा वेल्ड. रुळांच्या जागी 12 मि.मी. पट्ट्या वेल्ड करा, आणि सगळं वेल्डिंग संपल्यावरच दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये प्लॅनर किंवा मिलिंग मशीनवर मारून सपाट करून घ्या. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात असं जॉबवर्क करणारे बरेच आहेत. टेम्पोभाडं पडलं तरी हा खर्च वाचवू नका. वाचवायचाच असेल तर स्पिंडलवर वाचवा, तो पुढे बदलता येतो.

रंग देताना पट्ट्यांवर प्राइमर चढू देऊ नका, तिथे नुसतं तेल. आणि तो पडलेला प्लाय कंट्रोल बॉक्सला वापरा. बेडवर, म्हणजे लाकूड ठेवून कापायच्या जागी, मात्र एमडीएफ टाका, कटर त्यात घुसला तरी बदलायला स्वस्त.